उजवं पान

येसबाने तांब्या दगडावर पालथा घातला, टण्ण आवाज झाला, आणि जांभळीवरचे सगळे कावळे एकदम खाली उतरले.

मी परसातल्या कट्ट्यावर बसून हे पाहत होते. मांडीवर वही उघडी होती. तात्या, म्हणजे माझे वडील, जाऊन चौथा दिवस होता, आणि खाली घाटावर दुसऱ्याच कुणाचा तरी दहावा चालला होता. आमचं परस उताराला लागून. खाली नदी, घाटाच्या सतरा पायऱ्या, पायऱ्यांच्या अंगाला जांभळीचं झाड आणि झाडाखाली काठी घेऊन बसलेला येसबा. आसपासच्या वाड्यावस्त्यांचे दहावे याच घाटावर होत. भाताचे पिंड मांडून झाले की माणसं चार पावलं मागे सरत आणि वाट बघत. गेलेल्याचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्याकडे धरतात. मग घरची माणसं एकेक करून पुढे होतात आणि मोठ्याने वचन देतात. म्हातारीला अंतर देणार नाही, भावाशी बोलणं सुरू करू, असं काहीबाही. ज्या वचनाला कावळा शिवेल ते गेलेल्याने ऐकलं. आणि कावळ्याने ऐकलेलं वचन मोडायची गावात कुणाची छाती नव्हती.

येसबाचं काम साधं. चूल मांडून द्यायची, कुत्री हाकलायची, सगळे गेले की पायऱ्या धुवायच्या. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिलं ते वहीतून.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होते. आमच्या दाबके मॅडमनी प्रत्येकाला एक निरीक्षणवही करायला लावली होती. डाव्या पानावर डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, उजव्या पानावर त्याचा आपल्याला लागलेला अर्थ. "दोन पानांच्या मध्ये शिवण असते," मॅडम म्हणायच्या, "ती विसरू नका." सुतकात मला घरातलं काही शिवायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. रडणंही दोन दिवसांत आटून गेलं होतं. वही तेवढी होती.

डाव्या पानावर मी लिहिलं: कावळे सकाळपासून झाडावर. भात समोर. येसबाच्या हातात काठी. कावळे उतरत नाहीत. दहा वीसला येसबा तांब्यातलं पाणी ओततो, तांब्या दगडावर पालथा घालून मागे सरकतो. कावळे उतरतात.

उजव्या पानावर एकच शब्द लिहिला. अभिसंधान. घंटा ऐकली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याचा प्रयोग आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो होतो. येसबा रोज दुपारी उरलासुरला भात कावळ्यांना टाकायचा, आणि रोज टाकण्याआधी तांब्या पालथा घालायचा. पुढचे दोन दिवस मी घड्याळ लावून पाहिलं. तांब्या हातात असेतो कावळे झाडावर, तांब्या वाजला की खाली. म्हणजे सगळं गाव ज्याच्यापुढे हात जोडत होतं, तो निवाडा येसबाच्या मनगटात होता.

हे कळलं तेव्हा मला हसू आलं. पुढे चार दिवसांनी तिथेच आमची पाळी आहे, हे आठवलं आणि हसू गेलं.

कारण घरात माझं लग्न शिजत होतं. पाचव्या दिवशी गंगाआत्याने विषय काढला. ती तात्यांची थोरली बहीण. तिच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मुलगा साखर कारखान्यात होता, माडीचं घर होतं, आणि त्यांना फार शिकलेली नको होती. वर्षाच्या आत उरकलं तर उरकलं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल आणि तोवर मुलगा कोण थांबतोय, असं ती सोप्यात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. तात्यांनी मला एम.ए.पर्यंत शिकवायचं ठरवलं होतं, हे तिलाही माहीत होतं. पण तात्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढता काढता छातीत कळ येऊन गेले, आणि जाताना कुणालाच काही सांगून गेले नाहीत.

आई कोपऱ्यात बसून होती. तिच्या कपाळावरचं कुंकू पुसल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंही नाही.

"हणमा, तुझं काय म्हणणं?" आत्याने काकांना विचारलं.

हणमंतकाका तात्यांचे धाकटे भाऊ. दूध संकलन केंद्रावर फॅट काढायला होते. दिवसभर काचेच्या नळीतली रेघ बघायची, त्यामुळे माणसांकडेही डोळे बारीक करून बघायचे. तात्यांना मुलगा नव्हता म्हणून अग्नी त्यांनीच दिला होता. ते नखाने जमिनीवर रेघ ओढत म्हणाले, "अक्का म्हणेल तसं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. डावं पान: नजर टाळतात. उजवं पान: निर्णय झालेला आहे.

एकदा मनात पाल चुकचुकली की मग घराच्या प्रत्येक भिंतीवर पाल दिसते. काका आत्याशी हळू आवाजात बोलले, मी लिहिलं. काका माझ्या वह्यापुस्तकांच्या फळीसमोर उभे राहिले, एक पुस्तक काढून परत ठेवलं, तेही लिहिलं आणि समोर लिहिलं, अंदाज घेताहेत. तात्यांच्या दुकानाची किल्ली त्यांच्या करगोट्याला दिसली. ती तर मी दोनदा लिहिली. इतकं सगळं जुळत होतं की मला त्याचीच झिंग चढली. आपल्याला माणसाचं मन वाचता येतं, असं एकोणिसाव्या वर्षी वाटतं त्यासारखी दुसरी झिंग नाही.

आठव्या दिवशी सकाळी काका घाटावर उतरले. येसबा चुलीची राख काढत होता. काका त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. येसबा नकारार्थी मान हलवत होता. मग काकांनी काखेतलं कागदाचं पुडकं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. येसबाने ते सरकवलं, काकांनी परत पुढे केलं. शेवटी येसबाने तांब्या उचलून काकांना दाखवला, काहीतरी विचारलं. काकांनी होकार दिला.

नवव्या दिवशी येसबाच्या गळ्यात तात्यांचा मरून मफलर होता.

आता लिहायला काही उरलंच नव्हतं. उद्या काका लग्नाचं वचन देणार, येसबा तांब्या पालथा घालणार, कावळा शिवणार, आणि तात्यांच्याच नावाने माझी वही कायमची मिटणार. गेलेल्या बापाची इच्छा म्हटल्यावर मी तोंड तरी कुणापुढे उघडणार होते?

संध्याकाळी दिवेलागणीला आत्या दारात बसून एकटीच ओवी म्हणत होती. जात्यावरचा गळा तिचा, पण सुतकात जातं फिरत नव्हतं, म्हणून नुसतेच शब्द:

"बंधूची सायकल टेकली भिंतीला,
घंटी कोन वाजवील दिव्याच्या वख्ताला."

मला तिचा राग येत होता, तरी शेवटच्या शब्दापर्यंत मी ऐकत राहिले. मी उठून आईजवळ गेले. वही उघडून तिला सगळं सांगितलं. तांब्या, कावळे, पुडकं, मफलर. म्हटलं, उद्या काका लग्नाचं बोलले आणि तांब्या वाजला, की मी सगळ्या गावासमोर हे वाचून दाखवणार आहे.

आईने वहीवरून हात फिरवला. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली. "उद्या काय बोलू नगंस."

"मग कोण बोलणार, आई?"

तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, हीसुद्धा त्यांच्यातलीच. तेही मी लिहून ठेवलं.

दहाव्याला घाट माणसांनी भरला. पंक्चर काढून घेतलेले, हवा भरून घेतलेले, शाळेपासून तात्यांच्या सायकली भाड्याने नेलेले, सगळे आले होते. मी मुद्दाम येसबाच्या उजव्या हाताला उभी राहिले, तांब्यापासून दोन हातांवर. वही पदराखाली. काकांनी पिंड मांडले. गुरुजींनी मंत्र म्हटले. माणसं मागे सरली. जांभळीवर तीस-चाळीस कावळे तरी होते. येसबा काठी आडवी धरून बसला. तांब्या मांडीवर.

काका हात जोडून पुढे झाले. "तात्या, वहिनींची काळजी करू नको. मी हाय."

कावळे हलले नाहीत.

"दुकान बंद पडू देणार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

आत्याने मागून आवाज दिला. "ते बोल की. त्याचा जीव तिथंच अडकलाय."

काका थांबले. मग खाली बघत म्हणाले, "वैजीचं लग्न वर्षाच्या आत लावून देऊ."

माझं सगळं लक्ष तांब्यावर. पाय उचलायच्या बेतात होते. येसबाची बोटं तांब्याच्या काठावरून फिरली आणि तिथंच थांबली.

"मोठ्यानं बोल," आत्या म्हणाली. "जागेचं नाव घेऊन बोल."

काकांनी स्थळाचं नाव घेतलं, मुलाचं घेतलं, मोठ्याने बोलले, दुसऱ्यांदा बोलले, तिसऱ्यांदाही बोलले. आवाज नदीवरून जाऊन परत आला. तांब्या येसबाच्या मांडीवर होता तसाच होता. माणसांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, तात्याला ही जागा पसंत दिसत नाही. आत्याचं तोंड उतरलं. मला काही कळेना. माझं उजवं पान माझ्याच डोळ्यांदेखत खोटं पडत होतं, आणि बरं वाटण्याऐवजी मी गोंधळून गेले होते.

ऊन चढलं. गुरुजींनी वर पाहिलं आणि दर्भाची काडी हातात घेतली. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात. मग आयुष्यभर त्या घराच्या पाठीमागे लोक बोलतात.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आई पुढे आली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. पिंडापाशी येऊन थांबली. काका एकदम बाजूला सरले.

"वैजाला शिकवीन मी," आई म्हणाली. आवाज फाटला, तिने परत धरला. "तिला पायजे तितकं. मी दुकानात बसंन, पंक्चर काढंन. तुमी जावा आता."

टण्ण.

कावळे आले. एक, मग तीन, मग मोजता येईनात. आत्या सगळ्यांत आधी हात जोडून रडायला लागली. "मला का सांगितलं नाहीस रे," असं भावाला म्हणत राहिली. तिच्याकडून लग्नाचा शब्द पुन्हा कधी निघाला नाही.

त्या संध्याकाळी मी उजव्या पानावर नवीन अर्थ लिहिला. येसबाला आईची दया आली. काकांनी दिलेला मफलर घेऊनही त्याने शब्द फिरवला. काका हरले.

या अर्थावर मी अठ्ठावीस वर्षं जगले.

आईने खरंच दुकान चालवलं. मी एम.ए. केलं, पुढेही शिकले, मानसशास्त्रच शिकवायला लागले. काका महिन्यातून एकदा दुधाच्या गाडीबरोबर हॉस्टेलवर खरवसाचा डबा पाठवायचे. वह्या लागतात का, फी भरायची तारीख कोणती, चिठ्ठीत एवढंच. मी खरवस मैत्रिणींत वाटून टाकायचे आणि मनाशी म्हणायचे, अपराधगंड. मला पहिली नोकरी लागली तेव्हा ते पेढे घेऊन आले. मी बोटांची टोकं पायाला लावून नमस्कार केला. ते म्हणाले, "आता तू मोठी झालीस, माझी फॅट बघशील." त्यांना हसवायचं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं.

मागच्या माघात काका गेले.

आईचे गुडघे गेलेले, तिला घाट उतरवत नाही. मी दहाव्याला भल्या सकाळी, माणसं यायच्या आधी एकटीच खाली गेले. येसबा जांभळीखाली होता. पाठ वाकलेली, तरी चूल मांडून झाली होती. मी म्हटलं, "येसबा, आज लोकांना उन्हात फार उभं करू नका. तांब्या लवकर ठेवा."

त्याने मान वर केली. मग दोनच दात उरलेल्या तोंडाने हसला. "कवापासनं ठावं हाय?"

"तात्यांच्या वेळेपासून. काकांनी तुम्हाला मफलर दिला होता तेही."

"मग मागितलं काय त्येबी ठावं आसंल."

"लग्नाचं वचन निघालं की तांब्या ठेव, असं. तुम्ही ठेवला नाही. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

येसबाने चुलीत एक काटकी सरकवली.

"वैजाताई, तू एवढी शिकली," तो म्हणाला. "हणमंतानं सांगितलं हुतं, माझ्या कुठल्याच शब्दाला तांब्या ठिवू नगंस. म्या काय बी बोललो तरी. अक्कापुढं मला नाही म्हनता येत न्हाई, मी तिचं सगळं बोलून टाकतो. वहिनी बोलंस्तवर तू थांब."

"आई काय बोलणार ते त्यांना माहीत होतं?"

"न्हाई. म्या इचारलं, ती लगीनच म्हनली तर? तर म्हनला, तर लगीन. पर ती म्हनंल ते. घरात तिला कोन बोलू देत न्हाई, हितं तरी बोलू दे."

नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"मी नगं म्हनत हुतो," येसबा पुढे म्हणाला. "आजपातूर कुनाच्या सांगन्यावर म्या तांब्या ठिवला न्हाई. मानसं बोलून मोकळी झाली का न्हाई, त्येवढं ऐकतो आन ठिवतो. पर हणमंता म्हनला, मीबी त्येच मागतोय तुझ्याकडं. मफलर त्यानं असाच दिला. थंडी हाय म्हनला, तात्या आसता तर त्यानंच दिला आसता."

 डोळ्यांसमोर वही होती. डाव्या पानावरचं एकही अक्षर खोटं नव्हतं. नजर टाळली होती. पुस्तक काढून परत ठेवलं होतं. घाटावर उकिडवे बसले होते, पुडकं दोनदा पुढे केलं होतं. डोळे माझे चांगले होते.

माणसं जमली. काकांच्या मुलाने, दीपकने, पिंड मांडले. तो बोलला, त्याची बायको बोलली, दूध केंद्रावरची माणसं बोलली. म्हाताऱ्या हातांनी काठी धरून येसबा बसून होता. तांब्या त्याच्या मांडीवर. कावळे झाडावर. बराच वेळ गेला. पोरं ऊन चुकवायला हालचाल करू लागली. दीपकने माझ्याकडे पाहिलं, ताई, आता काय राहिलं, अशा अर्थाने.

येसबाही माझ्याकडेच बघत होता.

मी पुढे झाले. कॉलेजात चाळीस-चाळीस मिनिटं न अडखळता बोलणारी मी, पिंडापुढे पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. तांब्याचं मला सगळं माहीत होतं. कावळ्यांचं माहीत होतं. आपण बोललेलं गेलेल्याला ऐकू जात नाही, हेही माहीत होतं.

"काका," मी म्हटलं, "तुमचा खरवस मी एकदाही खाल्ला नाही."

माझ्या मागे कुणीतरी नवलाने कुजबुजलं. मी थांबले. येसबाची बोटं तांब्याच्या काठावर होती. तो थांबला होता. अजून काही आहे, हे त्याला ऐकू येत होतं.

"तुम्ही मला विकताय असं मला वाटलं होतं," मी म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं."

मी हात जोडले.

दगडावर पितळ वाजलं.